रेवडी विरघळेपर्यंत

“सगळ्या गावाचं ऐकते ती, बाबा, मग माझ्या आईचंच का ऐकत नाही?”

तकियाची पायरी चढता चढताच योगराजने विचारलं. सलाम नाही, दुआ नाही. एक बूट पायात, एक हातात.

गुलाबशा बाबा कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी शेजारचा पत्र्याचा डबा उघडला, एक रेवडी काढली आणि योगराजच्या तळहातावर ठेवली.

नदीकाठचा हा तकिया म्हणजे एक खोली, एक ओटा आणि फकिराचं एवढंसं सामान. इथली रीत मात्र पक्की आहे. प्रश्न विचारायचा, रेवडी तोंडात टाकायची, आणि ती विरघळली की मग बाबा बोलणार. आम्ही रोजचे बसणारे रेवडी गालात धरून निवांत असतो. प्रश्न काय होता हेही कधी कधी विसरून जातो.

योगराजने लहानपणापासून एकही रेवडी विरघळू दिली नव्हती.

आजही त्याने ती कडाकड चावली.

“बाबा, ऐकताय ना?”

बाबांनी डब्याचं झाकण लावलं.

“संध्याकाळची गाडी आहे माझी. उद्या नाशिकला कंपनीचे मोठे लोक येणार आहेत. मला आत्ता कळायला हवं.”

बाबांनी काही सांगायला तोंड उघडलं...

“आवाजाचा दोष नाही, मी तपासलंय,” योगराज म्हणाला.

बाबांनी तोंड मिटलं.

योगराज देवरे आमच्याच गावचा. याच ओट्यावर बाबांच्या पायाशी बसून मोठा झालेला. आता पुण्याला असतो, यंत्रांना बोलायला शिकवतो. त्याच्या काखेत तांब्याएवढी एक पेटी होती, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. तिचं नाव साळू.

आणि साळू अहिराणी बोलत होती.

हे मी इतक्या शांतपणे लिहितोय, पण सकाळी चौकात आमची काय अवस्था झाली होती ते आमचं आम्हाला ठाऊक. आजवर मोबाइलशी बोलायचं तर आम्ही हिंदी झाडायचो, शहरातून आलेल्या पाहुण्याशी झाडावी तशी. ती त्यालाही कळायची नाही आणि आम्हालाही. आणि आज ही एवढीशी पेटी पारावर बसून आमच्या घरातली भाषा बोलत होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी चष्मे काढून पुसले. पेटीत बघण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसले.

भिला टेंपोवाल्याने तिला विचारलं, “साळू, चाळीसगावनी गाडी कवय शे?”

त्याचं तोंड मिटायच्या आत साळूने वेळ सांगितली. भिलाने तेच पुन्हा विचारलं, मग पुन्हा. त्याला चाळीसगावला जायचं नव्हतं.

द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली आणि म्हणाली, “तू जेवनी का व?”

“माले पोट नही, माय,” साळू म्हणाली. “तू जेवनी का?”

मग जो गलका उठला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. पोरं नाचली. ज्यांना काही विचारायचं नव्हतं तेही रांगेत उभे राहिले. योगराज मध्ये उभा होता, शर्ट घामाने भिजलेला, चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा. जो तो त्याची पाठ थोपटत होता आणि तो प्रत्येकाला तेच सांगत होता. असली यंत्रं पुष्कळ आहेत, पण माझ्या साळूइतक्या झटपट उत्तर देणारी एक नाही.

पण पेटी त्याने चौकासाठी केलीच नव्हती. ती त्याच्या आईसाठी होती.

भागाबाईला आकडे ओळखता येत नाहीत. पुण्याला पोराशी बोलायचं तर ती शेजारी द्वारकाबाईकडे जाते. द्वारकाबाई नंबर लावून देते आणि मग तिथेच उभी राहते. चांगली बाई आहे, पण उभी राहते. माय-लेकाचं बोलणं गेली कित्येक वर्षं द्वारकाबाईच्या देखत चाललेलं. त्यात बरं आहे, बरं आहे, ठेवते, याच्यापलीकडे ते कधी गेलं नाही.

आता भागाबाईने आपल्या घरात, आपल्या चुलीपुढे बसून एवढंच म्हणायचं होतं की योगराजला फोन लाव.

दुपारी योगराजने पेटी घरी नेऊन तिच्यापुढे ठेवली. साळूने विचारलं, “बोल माय, काय काम शे?”

मग साळूच म्हणाली, “माले काही आयकू उनं नही.”

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. योगराज बाजूला बसून आईला सांगत होता, बोल ना, बोल की, फोन लाव म्हण, एवढंच म्हणायचंय. शेवटी भागाबाईने जुन्या लुगड्याचं फडकं आणलं, पेटी त्यात नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

“ऱ्हाऊ दे, भाऊ,” ती म्हणाली. “मनं बोलनं तिले पटत नही.”

योगराजला ते फार लागलं. दोन वर्षं ज्या भाषेसाठी त्याने रात्रीचा दिवस केला, ती त्याला आईने शिकवलेली. आणि आता आईलाच वाटत होतं की आपलं बोलणं त्या भाषेत बसत नाही.

म्हणून तो धावत तकियात आला होता. आम्ही काही जण मागोमाग आलो. असा तमाशा कोण सोडणार.

“ठेव तिले आठे,” बाबा म्हणाले.

योगराजने फडकं सोडून पेटी ओट्यावर ठेवली.

“कसं शिकाडं तिले?”

हा प्रश्न त्याला फारच आवडला. तो मांडी घालून बसला आणि भडाभडा सांगत सुटला. गावोगाव फिरून त्याने माणसांचं बोलणं टिपलं होतं. बायांचं तर मुद्दाम, ओट्यावर, विहिरीवर, जात्यापाशी. पण बायांच्या बोलण्यात एक अडचण होती. काही विचारलं की आधी नुसतं रिकामं जायचं. बांगड्या वाजायच्या, काहीतरी सळसळायचं, कुठेतरी कोंबडी ओरडायची आणि मग कधीतरी शब्द यायचा. असं सगळ्यांचंच. मग त्याने बसून बसून ते सगळं काढून टाकलं.

“नुसतं बोलणं ठेवलं बाबा. निवडलेल्या तांदळासारखं. एक खडा नाही त्यात.”

बाबांनी डबा उघडून त्याला रेवडी दिली.

योगराजने ती चावून टाकली. “काय झालं?”

“फेकेल कोठे शे?”

“काय फेकलेलं?”

“खडा.”

“ते... मूळ आवाज आहेत की माझ्याकडे. पण त्यात ऐकण्यासारखं काही नाही बाबा. रिकामं आहे.”

“तेच लाव.”

योगराजने पिशवीतून लॅपटॉप काढला. कुणाचा आवाज लावू, असं त्याने विचारलं. बाबा एकटक त्या लुगड्याच्या फडक्याकडे बघत होते. योगराजनेही तिकडे बघितलं, आणि मग आईचाच आवाज शोधून लावला. दिवाळीला घराच्या ओट्यावर टिपलेला.

आधी योगराजचाच आवाज आला. उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी कशी करतात ते सांग, असं तो आईला सांगत होता.

मग बांगड्या वाजल्या. लुगड्याचा काठ सळसळला.

मग काहीच नाही...

“बंद पडनं का?” भिला कुजबुजला.

बाबांनी एक बोट वर केलं.

आम्ही सगळे त्या रिकाम्या आवाजात कान घालून बसलो. आमच्यातल्या कुणाला कळायचं बाकी होतं? आमच्या घरातल्या आया, आत्या, मावश्या, सगळ्या अशाच. कुणी काही विचारलं की आधी हात डोक्याकडे जातो, पदर पुढे ओढला जातो, नजर जमिनीवर जाते. मग एक श्वास. विचारणारा परका असेल तर हे सगळं आणखी सावकाश. पदर नीट केल्याशिवाय उत्तर द्यायचं म्हणजे त्यांना उघड्या डोक्याने दारात गेल्यासारखं वाटतं.

सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट. इतकी माहीत, की सकाळपासून एकाच्याही डोक्यात आली नाही.

त्या शांततेत योगराजचाच आवाज पुन्हा आला. “बोल ना माय.”

बांगड्या पुन्हा वाजल्या.

“बोल की. काय बघतेस?”

...

“माय, बोल. गाडी चुकेल माझी.”

आणि मग भागाबाईचा आवाज आला, हळू, जरा घाबरलेला. कळण्याचं पीठ आधी कोमट पाण्यात भिजवायचं, असं काहीतरी सांगत. तेवढंच. ते वाक्य मी सकाळी साळूच्या तोंडून ऐकलं होतं, अगदी तसंच, खडा न लागता.

योगराजने आवाज बंद केला. तो मान वर करेना.

“हाऊ कोन व्हता मधमा?” बाबांनी विचारलं.

“मीच.”

बाबा हसले. हसताना त्यांची दाढी आधी हलते, आवाज नंतर येतो.

“लेक तुनावरच गयी, बेटा.”

आमच्यातला कुणीतरी फिसकन हसला. योगराज मात्र हसला नाही. तो बाबांकडे बघत राहिला, मग पेटीकडे, मग पुन्हा बाबांकडे. आणि एकाएकी तो असा उठला की लॅपटॉप पडता पडता भिलाने झेलला.

“बाबा... साळूला मीच घाई शिकवलीय.”

तो भिलाकडे वळला.

“भिलाभाऊ, टेंपो काढ. मायले लई ये.”

सकाळपासून तो आमच्याशी पुण्याचं बोलत होता. अहिराणी पेटीला शिकवली आणि स्वतः मात्र शुद्ध बोलत हिंडत होता. हे पहिलं वाक्य त्याच्या तोंडून घरच्यासारखं निघालं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. भिला चप्पल न घालता पळाला.

योगराज ओट्यावर पालथा पडल्यासारखा लॅपटॉपवर वाकला. बोटं कळांवर पळत होती. पतंग कापायच्या आधी पोरांची मांज्यावर पळतात तशी. तो आम्हाला सांगत होता, की स्वतःला, कोण जाणे. साळूने विचारल्यावर उत्तराची वाट किती बघायची, याचा एक आकडा होता. तो त्याने कमी करत करत पार तळाला नेला होता. त्याच्यावरच कंपनीत टाळ्या पडल्या होत्या. उद्या नाशिकला त्याचंच कौतुक व्हायचं होतं.

आकड्यावर बोट ठेवून तो थांबला.

तो वाढवला तर साळू मंद वाटेल. मोठे लोक घड्याळाकडे बघतील. हे त्याने मोठ्याने म्हटलं नाही, पण तकियात बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

बाहेर टेंपोचा आवाज आला.

“किती ठेवू, बाबा?”

बाबांनी डबा उघडला.

योगराजने रेवडी तोंडात टाकली. सवयीने त्याचा जबडा हलला... आणि मध्येच थांबला. त्याने रेवडी गालात सरकवली. डोळे मिटले.

आम्ही बघत बसलो. असं काही या ओट्यावर घडणार नाही, अशी पैज लावली असती तर मी हरलो असतो. गाल फुगलेला, कपाळावर घाम, एक हात लॅपटॉपवर. कडुनिंबावरून एक पान पडलं. भिला टेंपोतून उतरला, काय चाललंय ते बघून तिथेच उभा राहिला. त्याच्यामागे भागाबाई, तिच्यामागे द्वारकाबाई.

योगराजने डोळे उघडले. गाल सपाट झाला होता. त्याने आकडा लिहिला आणि लॅपटॉप मिटला.

भागाबाई ओट्याच्या कडेला टेकली. पेटीकडे तिने पाठ केली नव्हती, पण तोंडही केलं नव्हतं. माले कसाले आणं, असं तिने हळूच विचारलं. झाली एवढी शोभा पुरे, असा त्याचा अर्थ.

योगराज तिच्यापासून चार हातांवर बसला आणि पेटीची कळ दाबली. साळू ऐकतेय असं सांगणारा हिरवा दिवा लागला.

“बोल माय, काय काम शे?” साळूने विचारलं.

भागाबाईचा हात डोक्याकडे गेला. पदर पुढे आला. बांगड्या वाजल्या. तिची नजर ओट्याच्या फरशीवर गेली.

...

दिवा हिरवा होता.

भिलाने श्वास धरला होता, तो मला ऐकू येत नव्हता म्हणून कळलं. द्वारकाबाईचे ओठ आपोआप हलत होते, मध्येच ती काहीतरी बोलेल असं वाटत होतं.

...

योगराज पुढे झुकला. त्याचं तोंड उघडलं, आत ‘बोल ना’ तयार होतं. बाबांनी त्याच उघड्या तोंडात एक रेवडी टाकली.

“चावू नको,” बाबा म्हणाले.

...

दिवा अजून हिरवाच. साळू वाट बघत होती. तांब्याएवढी पेटी ती, पण त्या क्षणी मला तिच्याविषयी माया वाटली.

भागाबाईने मान जराशी वर केली. पेटीकडे बघितलं. पाहुणी आपल्यासाठी थांबलीय हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा चेहरा सैल झाला.

“बाई...” ती म्हणाली. “मना योगराजले फोन लाव.”

“लावस, माय,” साळू म्हणाली.

आणि योगराजच्या खिशात फोन वाजला.

काय सांगू. भिलाने मला मिठी मारली, मी भिलाला. कुणीतरी डब्यावर थाप दिली. फोन वाजतोय आणि आम्ही वऱ्हाडासारखे ओरडतोय. भागाबाई घाबरून पेटीकडे बघतेय, हे आपण केलं का, असं. आणि मग हसतेय, पदराआड, पण हसतेय.

बाबांनी पुन्हा बोट वर केलं. आम्ही गप्प झालो.

द्वारकाबाई कुणी न सांगता मागे सरकली. नदीच्या बाजूला जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिला ते किती जड गेलं असेल ते आम्ही जाणतो.

योगराजने फोन कानाला लावला.

माय-लेक एकाच ओट्यावर बसले होते. भागाबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. तिचा पोरगा पेटीतच होता. ती पेटीशी वाकून, हळू आवाजात बोलली.

“योगराज... तू आते तरी सावकाश जेवस का रे भाऊ? का उभ्या उभ्याच?”

हे तिने गेल्या इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. द्वारकाबाईच्या देखत कसं विचारणार.

योगराजच्या गालात रेवडी होती. त्याने ती चावली नाही. फोन कानाशी धरून तो बसून राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

...

भागाबाई थांबली. पेटी गप्प. कडुनिंब गप्प.

...

ती आणखी थांबली. मग तिने पदर सारखा करत बाबांकडे बघितलं.

“बाबा, तो काही बोलत नही. ठेवू का फोन?”

गुलाबशा बाबांनी डब्याचं झाकण लावलं.

“ठेवू नको, माय. आतेच तर बोलस तो.”